पानाच्या शेवटच्या ओळी

दाभणमावशींना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. बाई उंच, सडसडीत, वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि बोलणं असं की आरपार जावं. मोठ्या वाचनालयाच्या तळघरात पुस्तकबांधणीचं खातं होतं, तिथे त्यांनी सारी नोकरी काढली. काम जुजबंदीचं. घडी घातलेल्या पानांचे जुडगे एकावर एक रचायचे, कण्याला दाभणाने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने सगळे जुडगे एकमेकांना शिवून टाकायचे. दोरा असा ओढायचा की पुस्तक उघडल्यावर सपाट पडावं, पण पान एकही सुटू नये. मावशींनी शिवलेली पुस्तकं वाचकांपेक्षा जास्त जगतात, असं खात्यात हसत म्हणायचे.

ह्या दोरा ओढण्यापायी त्यांचे दोन्ही अंगठे कामातून गेले. बरणीचं झाकण उघडायची वेळ आली की मावशी बरणीकडे अशा बघत, जणू तिनेच त्यांची खोड काढली आहे. जाड पुस्तक हातात धरणं तर लांबच राहिलं. म्हणून भाचीने टुमणं लावलं.

"मावशी, तू सरळ ई-रीडर घे. हातात धरल्याचं कळतसुद्धा नाही. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आणि अंगठे लागतच नाहीत."

भाची दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. नको असलेल्या गोष्टीला माणसाला राजी करणं हा तिच्या हातचा मळ होता. पण तिला कारणाची अर्धीच बाजू माहीत होती. मावशींचं वाचन अंगठ्यांमुळे थांबलं नव्हतं. ते नवऱ्यामुळे थांबलं होतं.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. सगळे त्यांना मीटरवालेच म्हणायचे. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचून जीव विटतो, संध्याकाळी जरा अक्षरं हवीत, असं त्यांचं म्हणणं. लग्न झाल्यापासून दोघांची रीत एकच होती. दिवा लावला की दोघं सोफ्यावर बसत, मावशी डावीकडे, मीटरवाले उजवीकडे, आणि मधे एकच पुस्तक, अर्धं ह्यांच्या गुडघ्यावर, अर्धं त्यांच्या. दोघं मनातल्या मनात वाचत. मीटरवाल्यांचं वाचणं झपाझप. पान संपलं की ते उजव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून थांबत. मग मावशी "हूं" म्हणत आणि पान उलटलं जाई. आयुष्यभर मावशींनी हजारो पुस्तकं शिवली, पण घरी एक पान स्वतःच्या हाताने उलटलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी मीटरवाले गेले. इस्पितळातही पुस्तक दोघांच्या मधे उघडं होतं. मावशी "हूं" म्हणाल्या, त्यांनी पान उलटलं, आणि ते पान पुरं व्हायच्या आत कोपऱ्यावरचा अंगठा घसरला.

त्यानंतर मावशी पुष्कळदा पुस्तक घेऊन बसल्या. पहिलं पान वाचून व्हायचं, त्या "हूं" म्हणायच्या, आणि तशाच बसून राहायच्या. हात पुढे जायचाच नाही. आपण मूर्खपणा करतोय हे कळत होतं. खात्यातल्या एखाद्या मुलीने असं केलं असतं तर त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. पण हात काही हलत नव्हता. म्हणून यंत्राचं नाव निघालं तेव्हा त्यांच्या मनात आलं, की चला, हे तरी उलटेल पान. आपल्याला उलटायला नको.

दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं, एका बाजूला किल्ल्या करून देणारा आणि दुसऱ्या बाजूला कपड्यांची लॉन्ड्री. दुकानदार गोलमटोल, चष्मा कपाळावर चढवलेला, स्वभावाने गप्पिष्ट. त्याने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. मावशींनी पहिलं तळहातावर तोललं, कडेवरून बोट फिरवलं आणि वास घेऊन पाहिला.

"ही साबणाची वडी आहे की पुस्तक?"

दुसरं त्यांना चहाचा ट्रे वाटलं. तिसरं बेताचं होतं, आणि त्याच्या कडेला पान पुढे-मागे करायला दोन बटणं होती.

"हे घ्या मावशी, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. "मोबाइलसारखा उजेड डोळ्यांवर येत नाही. कागदावरच्या शाईसारखं दिसतं. एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको."

त्याने बटण दाबलं. पडदा क्षणभर काळाठिक्कर पडला आणि नवं पान आलं.

"काळं का झालं?" मावशी दचकल्या.

"जुनी अक्षरं पुसून नवी येतात. आपली पापणी लवते ना, तसं समजा. आणि कधीकधी मागच्या पानाची पुसट सावली राहते मागे. घाबरायचं नाही."

भाचीला ही उपमा आवडली. मावशींना मुळीच आवडली नाही.

काउंटरच्या टोकाला, गिऱ्हाइकांनी हाताळून पाहायला ठेवलेला एक जुना नग होता, तारेने बांधलेला. दुकानदार आणि भाची बिलाचं बघत होते, तेवढ्यात मावशी सहज त्याच्यापाशी गेल्या. पडद्यावर कसली तरी प्रवासाची गोष्ट होती. त्या वाचू लागल्या. पान संपत आलं, आणि सवयीने तोंडातून "हूं" निघून गेलं.

पडदा काळा झाला. पान उलटलं.

मावशींनी दोन्ही हात मागे घेतले. हात लावलेलाच नव्हता. पुन्हा वाचलं, पुन्हा "हूं" म्हटलं. पुन्हा पान उलटलं.

"अहो," त्यांनी दुकानदाराला हाक मारली, "ह्याला ऐकू येतं का?"

"नाही हो. ह्या मॉडेलला माइकच नाही. कान नाहीत त्याला," दुकानदार हसला. "तो नग बिघडलाय. आपोआप पानं उलटतो. कधी उलटतो, कधी दिवसभर दाबा, ढिम्म. त्याच्या नादी लागू नका."

भाचीने बटणांचं नवं कोरं यंत्र घेऊन दिलं आणि मावशी निमूटपणे घरी आल्या. त्यांना निमूट पाहून भाचीला वाटलं, मावशीला यंत्र आवडलं.

पण मावशी गप्प होत्या ते वेगळ्याच कारणाने. दुकानात "हूं" म्हटलं तेव्हा पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी त्यांच्या वाचायच्या राहिल्या होत्या. नेहमीप्रमाणे.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं होतं, की नवरा पान संपवून थांबतो आणि आपण अजून निम्म्यावर असतो. तो थांबायचा, काही बोलायचा नाही, आणि त्या न बोलण्याने त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुस्तकांच्या खात्यात कामाला असलेली बायको, आणि वाचायला इतकी मंद! म्हणून शेवटच्या दोन-तीन ओळी राहिल्या असतानाच त्या "हूं" म्हणू लागल्या. आधी कधीमधी, मग प्रत्येक पानाला. खात्यात एखाद्या पुस्तकाचं पान गहाळ असलं की त्या जागी कोरं पान शिवून टाकायचा नियम होता. मावशींनी घरी तेच केलं. राहिलेल्या ओळींच्या जागी मनाने काहीतरी घालून त्या पुढे जात. एका कादंबरीत नायिकेचा भाऊ पानाच्या अगदी तळाशी बुडून मेला. मावशी पुढची दोनशे पानं त्याची वाट बघत होत्या. "हा परत कधी येणार हो?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मीटरवाल्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "येईल," म्हणाले. तेव्हा मावशींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नवं यंत्र चार-पाच दिवस टेबलावर होतं. बटण अगदी लोण्यासारखं मऊ, बोट नुसतं टेकवलं तरी चालेल असं. पण तेवढंसुद्धा होईना. पानाच्या तळाशी आल्या की मावशींचं बोट बटणाजवळ जाऊन थांबायचं आणि थंड पडायचं. शेवटी त्या एकट्याच दुकानात गेल्या.

"हे परत घ्या. मला तो तारेचा नग द्या."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "मावशी, तो विकायचा नाही. आणि बिघडलेला आहे, उद्या तुम्हीच मला शिव्या घालाल."

"आजच घालू का?"

त्याने हात टेकले. तार कापली, कपड्याने नग पुसला. उजव्या कोपऱ्यात खाली एक मळकट डाग होता, अंगठ्याएवढा. तो त्याने दोनदा पुसला. "सगळेच हात लावतात इथे," तो पुटपुटला.

यंत्र बदलल्याचं कळल्यावर भाची कुरकुरली, पण तिने त्यातही काही पुस्तकं भरून दिली. संध्याकाळी मावशी दिवा लावून सोफ्याच्या डाव्या बाजूला बसल्या. यंत्र मांडीच्या उजव्या कडेला ठेवलं, अर्धं त्यांच्यावर आणि अर्धं शेजारच्या रिकाम्या जागेवर. पहिलं पान वाचलं. "हूं."

पान उलटलं आणि मावशींना रडू फुटलं. इतक्या दिवसांत त्या अशा रडल्या नव्हत्या. डोळे पुसून त्या वाचत राहिल्या, रोज संध्याकाळी, एकामागून एक पुस्तक. घर आपलं वाटू लागलं. फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती, आणि ती त्यांना स्वतःलाच पटत नव्हती. आता समोर कुणी माणूस नव्हता, लाजायचं कारण नव्हतं, तरी त्या दोन-तीन ओळी राहिल्या असतानाच "हूं" म्हणत होत्या. पान उलटलं की त्या सोडलेल्या ओळी नव्या पानाच्या तळाशी पुसट सावलीसारख्या दिसत राहत. दुकानदाराने सांगितलंच होतं, घाबरायचं नाही म्हणून. पण सावली राहायची ती तेवढ्याच ओळींची. वरचं सगळं स्वच्छ पुसलेलं असायचं. मावशी तिकडे बघायचं टाळत.

कोपऱ्यातला डागही परत आला. त्या उजव्या बाजूला हात लावतच नव्हत्या.

एका शनिवारी भाची आली. मावशी वाचत होत्या. भाचीने चहा करून आणला आणि कप तिच्या हातातच राहिला.

"मावशी, पान आपोआप उलटलं."

"मी हूं म्हटलं ना."

"त्याला ऐकू येत नाही! दुकानदार आपल्यासमोर म्हणाला." भाचीने यंत्र उचललं, तोंडाजवळ धरलं आणि "हूं" म्हटलं. काही झालं नाही. मोठ्याने म्हटलं, तरी काही नाही. ती मावशींच्या उजवीकडे बसायला वळली.

"तिथे नको!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या की चहा सांडला.

भाची उभीच राहिली. रिकाम्या जागेकडे तिने पाहिलं, मग मावशींकडे. तिच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. पण ती दवाखान्यात काम करणारी मुलगी, तिने आवाज ताब्यात ठेवला. "हे बघ, पडद्यात बिघाड आहे आणि तो तुझ्या डोक्यात शिरतोय. सोमवारी मी हे दुरुस्तीला नेणार. ते आतलं सगळं पुसून नव्यासारखं करून देतात. मग तू खुशाल वाच."

"आणि नव्यासारखं झाल्यावर पान कोण उलटणार?"

"तू," भाची म्हणाली. ती रागाने म्हणाली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं.

म्हणजे हातात उरला रविवार. मावशींनी ठरवलं, दुसरं काही वाचायचं नाही. इस्पितळात अर्धं राहिलेलं पुस्तक वाचायचं. भाची जाण्याआधी त्यांनी तिच्याकडूनच ते यंत्रात घेऊन ठेवलं, कशासाठी ते न सांगता. त्यांना ते पुस्तक पुरं करायचं होतं, दोघांनी मिळून. आणि जिवाचा थरकाप उडत होता तोही त्याच कारणाने. जर हा नुसता बिघाड असेल, तर सोमवारी सगळं संपणार. आणि जर बिघाड नसेल, जर शेजारी खरंच कुणी असेल, तर इतके दिवस तळाशी सावली होऊन राहणाऱ्या त्या ओळी कोण दाखवत होतं?

रविवारी दुपारी आभाळ भरून आलं होतं, घरात राखाडी उजेड. मावशींनी दिवा लावला. पुस्तक जिथे थांबलं होतं ती जागा शोधायला वेळ लागला नाही. यंत्र उघडलं तेच त्या पानावर. त्यांनी वाचायला सुरुवात केली. खाली तीन ओळी राहिल्या.

"हूं."

पान हललं नाही.

"हूं," त्या पुन्हा म्हणाल्या.

काही नाही. खिडकीच्या काचेवर वाऱ्याने फांदी घासत होती, तेवढाच आवाज. गेले, असं मावशींना वाटलं. सोमवारची वाट न बघताच गेले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांची नजर खाली गेली, राहिलेल्या तीन ओळींवर. त्या वाचू लागल्या, एकेक शब्द, जसं त्यांना वाचायला लागायचं तसं सावकाश. शेवटचा शब्द संपला. तोंडातून आवाजही निघाला नव्हता.

पडदा काळा झाला. पान उलटलं.

पुढच्या पानाला मावशींनी मुद्दामच लवकर "हूं" म्हटलं. पान ढिम्म. उगाच नजर तळाशी फिरवली, वाचलं नाही. तरी ढिम्म. मग त्यांनी खरोखर वाचलं, तळापर्यंत, आणि शेवटच्या शब्दावर नजर टेकताच पान उलटलं.

म्हणजे मीटरवाल्यांना माहीत होतं.

सगळी वर्षं माहीत होतं, की गेल्यावर कळलं? लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून त्यांना ठाऊक असेल, आणि रोज संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने बायकोचं खोटं उलटून टाकलं असेल, ह्या विचाराने मावशींना बसल्या जागी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाजेने कानशिलं तापली. ह्या वयात, एकटीने, दिवसाढवळ्या. आणि लाजेच्या खाली भीती होती. जिवंतपणी ह्याबद्दल कधी एक शब्द न बोललेला माणूस आता काय मागणार?

तेवढ्यात पडदा पुन्हा काळा झाला. मावशींनी वाचलं नव्हतं, काही म्हटलं नव्हतं. पान मागे गेलं, आणि अजून एक मागे. मग पानं भराभर मागे जाऊ लागली, काळा पडदा आणि अक्षरं, काळा पडदा आणि अक्षरं, पुस्तकाच्या सुरुवातीपर्यंत. तिथेही ती थांबली नाहीत. ते पुस्तक बंद झालं आणि पुस्तकांची नावं आली. भाचीने ह्या यंत्रात जेमतेम सात-आठ पुस्तकं भरली होती. आता नावांना अंत नव्हता. ती खालून वर सरकत होती आणि मावशी एकेक ओळखत होत्या, सोफ्यावर वाचलेली, पावसाळ्यात वाचलेली, आजारपणात वाचलेली, भाऊ बुडून मेला ती. अगदी शेवटी लग्नानंतरचं पहिलं पुस्तक आलं. ते उघडलं. पहिलं पान समोर आलं आणि स्थिर झालं.

उजव्या कोपऱ्यातला डाग हळूहळू गडद झाला, आणि सोफ्याची रिकामी बाजू थोडी खाली दबली.

फोन वाजला. भाची होती. "मावशी, उद्या सकाळीच येते यंत्र न्यायला."

"येऊ नकोस," मावशी म्हणाल्या. त्यांची नजर पानावरच होती. "यंत्रात काही बिघाड नाही."

"मावशी, तुझा आवाज असा का येतोय? कोण आहे तिथे?"

मावशींनी फोन खाली ठेवला. पळावं असं पायांना वाटत होतं, दार काही लांब नव्हतं. पण त्या उठल्या नाहीत. आयुष्यभर जे वाक्य लाजेने गिळलं, ते त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता, पहिल्या ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने म्हटलं.

"अहो, मला वेळ लागतो."

पान जागचं हललं नाही. मावशी वाचू लागल्या.